पाचवीचा एकच वर्ग

काष्टी,
रविवार, दुपार

प्रिय रेश्मा,

पत्र बघून घाबरू नकोस. तुझी लेक संस्कृती ठणठणीत आहे आणि तुझ्या आईचे गुडघे दर पावसाळ्यात दुखतात तेवढेच दुखताहेत. फोनवर बोलायला गेलं की तुझ्यामागे कंपनीतल्या मशिनांचा आवाज असतो, तू घाईघाईने "सगळं बरंय ना?" विचारतेस आणि मी "हो" म्हणून मोकळी होते. तसं पुन्हा होऊ नये म्हणून कागद घेऊन बसले आहे. सासूबाई झोपल्या आहेत, माझा फराज शाळेतल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळायला गेलाय. घर शांत आहे.

आपण दोघी पाचवीत या शाळेत आलो तेव्हा तीन तुकड्या होत्या, आठवतं? आपले वर्गशिक्षक कोण कुठल्या वस्तीवरून चालत येतं हेसुद्धा सांगायचे. आता त्याच शाळेत मी शिकवते आणि यंदा पाचवीचा एकच वर्ग आहे. मुलं कमी झाली असं नाही. दोन सर निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरायला मंजुरी आली नाही, मग तिन्ही तुकड्यांची मुलं एका खोलीत आणून बसवली. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी दारात उभी राहिले, तर माझ्या टेबलापर्यंत जायला वाट नव्हती. एकेका बाकावर चौघं, खिडकीच्या कट्ट्यावर दोघं, आणि उरलेले फळ्याखाली सतरंजीवर, माझ्या पायाशी. खडूची भुकटी त्यांच्या डोक्यावर पडते. अठ्ठ्याहत्तर मुलं आहेत, रेश्मा. घसा बसतो, पण मागच्या बाकापर्यंत आवाज जात नाही.

संस्कृती पहिले काही दिवस सारखी हात वर करायची. अपूर्णांक शिकवत होते तेव्हा तिनं विचारलं, "मॅडम, आठ मोठे ना? मग आठवा भाग चौथ्यापेक्षा लहान कसा?" मला इतकं बरं वाटलं. फळ्यावर भाकरीचे तुकडे काढून दाखवावेत म्हणून वळले, तेवढ्यात मागे दोघांची मारामारी लागली, ती सोडवेपर्यंत घंटा झाली. "उद्या सांगते हं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन माहिती भरायचं काम आलं, तिसऱ्या दिवशी तपासणीला साहेब आले. मग तिनं विचारलंच नाही. हळूहळू तिचा हात वर यायचा थांबला आणि ती मागं मागं सरकत खिडकीपाशी जाऊन बसली. तिथून फळा दिसत नाही.

आणि एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसणार. आठवीपर्यंत फी नाही असं आपण धरून चाललो होतो. फी नाहीच, पण 'विकास निधी' आहे. पावतीवर 'ऐच्छिक' असं छापलेलं असतं आणि ज्यांनी आणला नाही त्यांना प्रार्थनेनंतर पुढे उभं करतात. संस्कृती पुढे उभी राहायची, मान खाली घालून. तुझ्या आईला तिनं काहीच सांगितलं नव्हतं. आजीनं भाजी विकून गुडघ्याच्या गोळ्या आणायच्या की हे भरायचं, एवढं तिचं तिला कळतं. मी आप्पासाहेब सरांकडे गेले. मुख्याध्यापक असले तरी माणूस वाईट नाही. म्हटलं, "सर, मुलांना असं उभं करू नका. हवं तर तिचे मी भरते." ते टेबलावरची काच पुसायला लागले. म्हणाले, "मॅडम, एकीचे भराल. बाकीच्यांचं काय? तासावर शिकवायला आलेल्या दोन पोरांचा पगार मी याच पैशातून देतो. ते दोघं गेले तर सहावीही तुमच्याच वर्गात बसवावी लागेल." भांडायला गेले होते आणि त्यांचीच कीव येऊन परत आले.

हजेरी घ्यायला अर्धा तास जातो, म्हणून हल्ली मॉनिटर घेतो. मागे एका बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भाजी घ्यायला गेले, तर तुझ्या आईशेजारी पोत्यावर बसून संस्कृती मेथीच्या जुड्या बांधत होती. दप्तर नाही, गणवेश नाही. मी विचारायच्या आत काकूच म्हणाल्या, "अगं सिमरन, बरं झालं बाई साळा अशी केली. पोरगी म्हनली, गर्दी लई हाय म्हनून निम्म्या पोरांनी एका आठवड्याला यायचं, निम्म्यांनी दुसऱ्या. मला बी हाताखाली हुती." त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मला क्षणभर त्या पोरीच्या हुशारीचं हसूच आलं. आम्हा मोठ्यांना जे सुचत नाही ते तिनं आपल्या मनानं करून टाकलं होतं. मी तिला बाजूला घेतलं. ती रडली नाही, घाबरली नाही. फक्त विचारलं, "मॅडम, मी वर्गात नव्हते ते तुम्हाला कळलं होतं का?" टोमणा नव्हता गं तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या नावाला कुणीतरी 'हजर' म्हणत होतं, आणि मी आठवडाभर शिकवत होते. मी तिला खरं तेच सांगितलं. नव्हतं कळलं.

दुसऱ्या दिवशी तिला पहिल्या बाकावर बसवलं. त्यासाठी भिमाजी नावाच्या मुलाला मागे पाठवावं लागलं. त्याला लांबचं दिसत नाही, हे दोन दिवसांनी त्याची आई येऊन सांगून गेली. मग त्याला पुढे आणलं, तेव्हा संस्कृती आपणहून उठली आणि पुन्हा खिडकीशी गेली. कुणालाही पुढे घेतलं तरी कुणीतरी मागे जातंच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. "तू आहेस तिथं, मला पोरीची काळजी नाही," असं म्हणून तू रांजणगावला गेलीस. रेश्मा, मी आहे इथं, पण माझा तिला उपयोग नाही. गेल्या शनिवारी रजा टाकून, तुला न कळवता, मी तिकडे येऊन गेले. तुझ्या खोलीपासून चालत जाण्याजोग्या वस्तीवर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा आहे. चौथी-पाचवी मिळून सोळा मुलं. तिथल्या बाई एकेकाच्या वहीत बघत होत्या. मी पाऊण तास दारात उभी राहिले, परत यावंसं वाटेना. तिला तुझ्याकडे घेऊन जा. तुझी खोली तिघींत आहे, रात्रपाळीला ती कुणाजवळ झोपेल याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि काकू इथं एकट्या पडतील हेही कळतं. ती शाळासुद्धा पट कमी म्हणून किती दिवस राहील कुणास ठाऊक. तरी सांगते, ने तिला. शाळा सोडल्याचा दाखला माझ्याच हातानं लिहून तयार ठेवलाय. कारणाच्या रकान्यात 'पालकाचे स्थलांतर' असं लिहिलं. दुसरं काही लिहायला तिथं जागा नव्हती. पुढच्या रविवारी ये, सही कर.

तुझीच,
सिमरन