चौदातले बारा

३ मार्च, सोम.
ज्युरीवर घेतलं. घरी शेखर पंधरा दिवस मागे लागला होता, "इंग्रजी नीट कळत नाही म्हण, सोडून देतात." वीस वर्षं अमेरिकेत काढून एवढं खोटं जमलं नाही. शिवाय मला हवं होतं. हे त्याला सांगितलं नाही.

चौदा जण बसलो. निकाल बाराच देणार. जादा दोन कोण, ते शेवटी चिठ्ठ्या काढून ठरणार.

आरोपी मार्ता. घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना सांभाळते. आरोप असा, की एक गुजराती आजी दुपारी झोपलेल्या असताना त्यांच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून नेल्या.

जज म्हणाल्या, विचार करायला खोलीत पाठवेपर्यंत केसबद्दल आपसातही बोलायचं नाही. साक्षीदाराला काही विचारायचं असेल तर चिठ्ठी लिहून द्या.

४ मार्च
आजींची साक्ष. लग्नापासून पाटल्या कधी काढल्या नव्हत्या. जाग आली तर हात रिकामे. त्याच संध्याकाळचा हातांचा फोटो दाखवला. सांधे सुजलेले, बोटं जाड. ओरखडाही नाही.

एमआरआयच्या आधी आईच्या पाटल्या काढल्या होत्या. साबण, हातावर प्लास्टिकची पिशवी, मी आणि मावशी दोघी. तरी आई कळवळली. आणि हे झोपेत?

मार्ताच्या वकिलाने फोटोवर एकही प्रश्न विचारला नाही. त्याला काय माहीत असणार.

कोर्टाने दिलेल्या वहीत प्रश्न लिहिला. पान फाडून दिलं नाही.

५ मार्च
शेजारच्या खुर्चीवर डोना. स्कूल बस चालवायची, आता रिटायर्ड. काल फोटो पाहून तिनेही मान हलवली होती. लंचला केसवर बोलायचं नाही, म्हणून तिचा गुडघा आणि माझा डबा.
"हे काय?"
"थालीपीठ. पॅनकेकसारखं."
"पॅनकेक नाही हे, हनी. उगाच आमची समजूत घालू नकोस."
उठताना म्हणाली, "खोलीत भेटू." डोळा मिचकावला. म्हणजे आम्ही दोघी तरी.

चिठ्ठी आजही दिली नाही. खोलीतच सांगेन, सगळ्यांसमोर. वाक्यं तयार आहेत. आंघोळ करताना म्हणूनही पाहिली.

६ मार्च
क्लार्कने डब्यातून दोन नावं काढली. दुसरं माझं.

जजनी आभार मानले. वही परत घेतली, फाडून टाकतात म्हणे. बाकीचे बारा ओळीने खोलीकडे गेले. डोना माझ्यासमोरून गेली. तिला तीन शब्द सांगता आले असते. नियम. तिने वळून पाहिलं नाही.

शे.: "सुटलीस."

संध्याकाळी कोर्टाला फोन केला. दोषी.

९ मार्च, रवि.
ग्रोसरीत डोना भेटली. दीड तासात आटपलं म्हणाली. "मलाही पटत नव्हतं. पण अकरा जण एकीकडे. आणि हा गुडघा."

म्हणजे डोळा मिचकावला तो नुसताच.

मी साबणाचं सांगितलं, पिशवीचं सांगितलं. ट्रॉलीवर हात ठेवून तिने सगळं ऐकून घेतलं.
"हे तुला मंगळवारपासून माहीत होतं?"
"हो."
"विचारा म्हणून जजनी सांगितलं होतं. का नाही विचारलंस?"

उत्तर माहीत होतं. कोथिंबीर न घेताच घरी आले.

शे. म्हणतो, आता यात पडू नकोस, तू निकाल देणाऱ्यांत नव्हतीसच.

१० मार्च
शिक्षा मे महिन्यात सुनावणार. अजून वेळ आहे.

मार्ताच्या वकिलाच्या ऑफिसात फोन केला. रेकॉर्डिंग लागलं. नाव, केस नंबर, निरोप. नाव सांगितलं. केस नंबर वहीत होता.

म्हटलं, मार्ताची केस. पाटल्यांची. मग बँगल्स म्हटलं. तयार केलेल्यांतलं एकही वाक्य आठवेना. साबण, पिशवी, मावशी, सगळं उलटसुलट. आई कशी ओरडली ते सांगत होते, तेवढ्यात टूं वाजलं आणि लाइन बंद झाली.

कुठपर्यंत गेलं, माहीत नाही.