सर म्हणतात

सव, ता. महाड
रविवार

प्रिय दीक्षा,

सप्रेम जयभीम. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळं बरं आहे. आईचा गुडघा दुखतो, पण गावच्या गरम पाण्याच्या कुंडात शेक घेऊन आली की दोन दिवस नीट चालते. फोन असताना आबांनी पत्र का लिहिलं, असं तुझ्या मनात येईल. फोनवर मी तुझ्याशी खरं बोलत नाही, म्हणून. तिकडून तुझं "सर म्हणतात" सुरू झालं की मी "रेंज जाते गो" म्हणतो आणि फोन ठेवतो. आपल्या गावात रेंज चांगली आहे, ते तुलाही माहीत आहे. मागच्या रविवारी मी फोन न ठेवता मोजलं. अर्ध्या तासात सतरा वेळा. सर म्हणतात, पोटभर खाऊनच ड्युटीला जायचं. सर म्हणतात, डोक्यात राग असला तर निर्णय घ्यायचा नाही. अगो, हे तर तुझी आजीसुद्धा म्हणायची. तिचं नाव नाही कधी घेतलंस.

लपवून काय करू? मला त्या माणसाचा हेवा वाटतो. सहासष्ट वर्षांचा बाप मुलीच्या शिक्षकावर जळतो, हे कुणाला सांगता येत नाही. आईला सांगितलं तर ती हसेल. म्हणून आतल्या आत ठेवलं, आणि ते मार्चपासून जास्तच आंबलं.

मार्चमध्ये महाडला तुझा सत्कार झाला. मला पहिल्या रांगेत खुर्ची होती, अंगात नवा सदरा होता. तू माइकवर किती छान बोललीस. समोरून वारा आला तर विमान उतरवणं सोपं असतं, बाजूने आला की तो विमानाला ढकलत नेतो, तेव्हा नाक वाऱ्याकडे वळवायचं आणि तिरपं राहून सरळ जायचं, असं तू हातवारे करून दाखवलंस. लोक आ वासून ऐकत होते. मग म्हणालीस, "हे मला कॅप्टन सकपाळ सरांनी शिकवलं. ते मला वडिलांसारखे आहेत." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. शेजारी बसलेले मास्तर माझा हात दाबून म्हणाले, "श्रीपतराव, पोरीनं नाव काढलं." मी हो म्हटलं. नाव काढलं होतंस खरं, पण ते सकपाळांचं.

तू सात वर्षांची होतीस तेव्हाचं आठवतं का तुला? पूल नव्हता. मीच गावाची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचो, आणि तुला शाळेला पलीकडे सोडायचो. एक दिवस ओहोटीचं पाणी जोरात होतं आणि तू ओरडलीस, "आबा, शाळा तिकडं हाय आणि तुम्ही होडी भलतीकडं नेताय!" मी म्हटलं, "धक्क्याकडं तोंड केलं तर पाणी आपल्याला पार खाली नेऊन सोडील. नाळ, होडीचं नाक, वरच्या अंगाला धरायची, मग होडी तिरपी दिसते पण जाते सरळ." तुला पटलं नाही. मी वल्हं तुझ्या हातात दिलं, माझा हात वर ठेवला. पलीकडे बरोबर धक्क्याला लागलो तेव्हा तू टाळ्या पिटल्यास. मग मला सांग, तिरपं राहून सरळ जायला तुला कुणी शिकवलं? इथे पाणी होतं आणि तिथे वारा आहे, एवढाच फरक.

असं मी सत्काराच्या रात्रभर स्वतःशी बोललो. दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर बाजूच्या वाऱ्यात उतरणारी विमानं बघायला लागलो. शिकायचं म्हणून नव्हे. सकपाळांनी तुला काहीतरी चुकीचं शिकवलंय, असं मला सापडायला हवं होतं. महिनाभर बघितली. लांबून विमान होडीसारखंच तिरपं येतं, तिथवर मी खूश होतो. पण होडी धक्क्याला वाकडी लागली तर लाकडावर लाकूड आपटतं, बस्स. विमानाची चाकं वाकडी टेकली तर सगळा भार आडवा पडतो. म्हणून अगदी शेवटी, जमीन दोन पुरुष उंचीएवढी खाली राहिली की पायाने नाक सरळ करायचं. आणि सरळ केलं रे केलं की वारा पुन्हा ढकलायला तयार. म्हणून त्याच क्षणी वाऱ्याकडचा पंख हाताने जरा खाली दाबून धरायचा. लहान विमान बराच वेळ तसं कलून येतं. पण तुमच्या मोठ्या विमानाची इंजिनं पंखाखाली लटकलेली, जास्त कललं तर जमिनीला घासणार. म्हणजे पायाचं आणि हाताचं सगळं त्या दोन-तीन सेकंदांत, आणि बेतानं. कलत्या बाजूचं चाक आधी टेकतं, मग दुसरं, मग पुढचं. हे मी तुला शिकवलेलं नव्हतं. हे त्यांनीच शिकवलं होतं. ज्या दिवशी हे मला नीट कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग जुलैमध्ये तू आम्हाला दिल्ली दाखवलीस आणि परत येताना तुझ्याच विमानात बसवलंस. पुढे तू आणि तुझे सर. केवढं ते विमान, आत दोन-दोन बोळ. मुंबईजवळ ढगांतून खाली आलो तेव्हा मी उजव्या खिडकीशी होतो, आणि त्या बाजूच्या खिडकीतून मला चक्क पुढची धावपट्टी दिसली. आईला म्हटलं, "घाबरू नको, नाक डावीकडं वाऱ्यात धरलंय." ती डोळे मिटून वंदना म्हणत होती. जमीन अगदी हातावर आली, विमान एकदम बाजूला सरकल्यासारखं झालं, आणि इंजिनं गरजली. पुन्हा वर. कुणीतरी किंचाळलं. वीस मिनिटांनी दुसऱ्यांदा आलो. या वेळी नाक वेळेवर सरळ झालं, डावं चाक टेकलं, मग उजवं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढची बाई म्हणाली, "कॅप्टन देवमाणूस आहे." मी तिला म्हणालो, "शेजारी माझी मुलगी हाय." तिने ऐकलंच नाही.

उतरताना तू दारात आलीस. मला वाटलं, आमच्याकडे धावत येशील. तू आधी त्यांच्याकडे वळलीस. ते काहीतरी म्हणाले, तू मान हलवलीस, डोळे पुसलेस. मी आईला पुढे घालून बाहेर पडलो. तू ओळख करून द्यायला मागून हाक मारलीस, आणि नंतर मी सांगितलं की ऐकू आली नाही. माझे कान चांगले आहेत, दीक्षा.

आता या आठवड्यातलं. गुरुवारी दुपारी आई महाडच्या बाजाराला गेली होती. मी ओटीवर बांबू तासत होतो. एक उंच माणूस हातात पिशवी घेऊन वाडीतून विचारत विचारत आला. तू फोनवर इतके फोटो दाखवले होतेस, मी लगेच ओळखलं. पोलादपूरकडे त्यांचं मूळ गाव, तिथे घराचं छप्पर बदलायला आले होते म्हणे, वाट वाकडी करून इकडे आले. "श्रीपतराव आहेत का?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नाय. महाडला गेलेत. मी भिकाजी, शेजारी. घर सांभाळायला बसलोय."

त्यांनी पाणी मागितलं. आपल्या घरचं पाणी घेताना काही माणसांचा हात जरासा थांबतो, तो मला लांबून कळतो. यांचा थांबला नाही. तीन पेले प्यायले. रागवायला तेवढंही कारण मिळालं नाही. मग म्हणाले, "भिकाजीराव, तुम्ही तरी ऐका आणि श्रीपतरावांना सांगा. जुलैमध्ये मुंबईला पहिल्यांदा उतरत होतो तेव्हा वारा अचानक वाढला. मला वाटलं, जमून जाईल. तीस वर्षांची सवय. दीक्षा म्हणाली, सर, नको, वर चला. शेजारी वडीलधारा माणूस असला की भलेभले गप्प बसतात हो. मी मुकाट्यानं विमान वर घेतलं. खाली आल्यावर तिला शाबासकी दिली आणि विचारलं, हे धाडस कुठून आलं? म्हणाली, आबांकडून."

आणि त्यांनी मला माझीच गोष्ट सांगितली. तू नऊ वर्षांची, दप्तर घेऊन धक्क्यावर उभी. नदी फुगलेली. वरच्या आळीच्या मालोजीरावांना आठ माणसं घेऊन साखरपुड्याला पलीकडे जायचं होतं. मी म्हटलं, आज होडी सुटणार नाय. ते चढले, "वाडीतल्या माणसानं मला नाय म्हणायचं?" नको नको ते बोलले, तुझ्यादेखत. मी वल्हं काढून घरी आणलं. पुढे चार महिने त्यांच्या आळीतलं कुणी माझ्या होडीत बसलं नाही. त्या संध्याकाळी तू काही न बोलता जेवलीस. मला पंचवीस वर्षं वाटत आलं, की बापाला शिव्या खाताना बघून तुला माझी लाज वाटली. तू तर ते असं जपून ठेवलं होतंस. आणि सांगितलंस कुणाला, तर त्यांना! मला नाही. हेव्याचं असं असतं बघ, सुखातसुद्धा फट शोधतो.

डोळ्यांत पाणी आलं तर भिकाजीला का रडू यावं, म्हणून मी बांबू तासत राहिलो. ते उठले, दोन्ही हात जोडून नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकले आणि गेले. मी मागे वळून बघतो तर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आपला दोघांचा फोटो, तुझ्या गणवेशातला, नेमका माझ्या डोक्यावर. तासभर ते त्याच भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी मला भिकाजी राहू दिलं. आई आल्यावर तिला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "जिवंतपणी स्वतःच्या घरात स्वतःच नाय म्हणून सांगितलंत? एवढं काय नेलंय त्या माणसानं तुमचं?"

पत्र लिहिण्याचं कारण त्यांनी आणलेल्या पिशवीत आहे. चार सोनेरी पट्ट्यांची खांद्यावर लावायची जोडी. वीस तारखेची शेवटची परीक्षा तू पास झालीस की कॅप्टन होणार, आणि या पट्ट्या शिकवणाऱ्यानं लावायची रीत आहे, असं ते म्हणाले. "म्हणूनच श्रीपतरावांच्या हातात द्यायला आलो होतो." तीन दिवस ती जोडी कपाटात आहे आणि तीन दिवस मी तुला फोन करू शकलो नाही. तू पास होशील, त्यात मला शंका नाही. आम्ही दोघं एकोणीसला निघतो. तुझ्या सरांना सांग, भिकाजी येणार नाही, श्रीपत येतोय, आणि आधी त्यांची माफी मागणार आहे. एका खांद्यावर त्यांना लावू दे, त्यांचा तेवढा हक्क आहे, हे मी कबूल करतो. पण उजवा माझा. तो त्यांना देऊ नकोस.

तुझाच, अजूनही थोडा जळणारा,
आबा