वाचनालयाचं छप्पर अन् शनवारचे वांदर

ता. ३ मे १९३९, बुधवार
छावणीतल्या वाचनालयाच्या छपरावरच्या निम्म्या स्लेटी आज उतरवल्या. पाटीच्याच दगडाच्या, गोऱ्या पलटनीनं विलायतेहून आणलेल्या. पडक्या तबेल्यावर तसल्याच चांगल्या निघाल्या, त्या इकडं बसवायच्या. कादरभाई सुतार म्हणे, "भैया, हिच्यावर लेकरं बाराखडी लिहितेत. घरावर कोन टाकतं?" त्यांच्या हातात इंग्रजी पुस्तकातलं असल्या छपराचं चित्र दिलं. उलटं धरून पाह्यलं.
इमारत आता रूपचंदशेठची. काम माझ्यावर सोपवताना अट घातली त्यांनी: मृगाच्या आत छप्पर पक्कं, न्हाईतर सरळ टिनाचे पत्रे. पत्र्याखाली उन्हाळ्यात बसून कोण वाचणार?

६ मे, शनिवार
शनवार हे विसरलोच. शेठच्या आई, मांजी, दर शनवारी वाचनालयाच्या पायऱ्यांवर वांदरांना हरभरे टाकतात. मारुतीची सेना म्हणे. सेना चिंचेवरून धप्पकन छपरावर, तिथून पायरीवर. तीन स्लेटी गेल्या. मांजींना सांगायचं कोणी? शेठचीच हिंमत न्हाई.

९ मे, मंगळवार
कादरभाई म्हणाले, कवलांवर टाकतेत तशी बोराटी टाका. काट्याला भिऊन वांदर येत न्हाई. टाकली. पुस्तकात असलं काही न्हाई. छप्पर झुडपासारखं दिसून राह्यलं.

१३ मे, शनिवार
स्लेट गुळगुळीत, उतार खडा. कवलावर काटे टिकतात, स्लेटीवर कशाला टिकतील? रात्रीच्या वाऱ्यात सगळी बोराटी घसरून पायऱ्यांवर. मांजी अनवाणी आल्या. टाचेत काटा मोडला.
शेठ एवढंच बोलले, "पढालिखा आदमी ना तू?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१४ मे
अप्पा वडीगोद्रीहून आले. बातमी त्यांना रस्त्यातच लागल्ती. "पोरा, एवढं इंग्रजी शिकून वांदरंच हाकलायची, तं आपलं शेत काय वाईट व्हतं?"

१६ मे
मांजींच्या पाया पडायला गेल्तो. हळद बांधलेला पाय उशीवर. धीर करून म्हणालो, हरभरे पायऱ्यांवर नको, स्टेशनाकडच्या विहिरीवर टाकू. वाटलं, आता संपलं आपलं. त्या हसल्या. "बेटा, म्हारो नेम मोडायचा न्हाई. पाय बरा होईस्तवर तूच टाक. विहिरीवर टाक. पण तुझ्या हातानं."

२० मे, शनिवार
टोपली घेऊन विहिरीवर. कान तुटलेला मोठा नर शेजारी बसला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी हललो न्हाई.
छपरावर आज एकही वांदर न्हाई! पूर्वेची बाजू पुरी झाली. सांजच्या उन्हात स्लेटी निळ्या, मंग जांभळ्या. उगं बसून बघत राह्यलो. कादरभाई पण बाजूला येऊन बसले.

२७ मे, शनिवार
विहीर. हरभरे. कानतुटका. आता रिज, म्हणजे छपराचा वरचा कणा, तेवढी बाकी. तबेल्याच्या स्लेटी संपल्या. यापुढं फुटली की गेली.

३० मे, मंगळवार
आज शनवार न्हाई! मी छपराखाली उभा राहून रिज बघत होतो. कानतुटक्यानं चिंचेवरून मला वळखलं. उडी. मागं सगळी पलटन. दोन स्लेटी.
"भैया, तुम्हालाच भेटाया आलेत," कादरभाई. मी विहिरीकडं पळालो, ते मागं. अख्खी छावणी हसून राह्यली.
आता वाचनालयाकडं फिरकायचं न्हाई. माझंच छप्पर अन् मलाच बंदी.

३ जून, शनिवार
रिज झाली म्हणे. मी पाह्यली न्हाई. फुटलेल्या दोन जागी कादरभाईनं टिनाचे तुकडे सारलेत.
मांजींचा पाय बरा. निरोप आला, "आता तूच टाकत जा, तुझ्या हातचं बराबर खातेत."
उद्या सकाळी शेठ छप्पर बघायला येणार. मी हजर पाहिजे, असा हुकूम. न गेलो तर ते दोन तुकडे बघून पत्रेच म्हणतील. समजावणार कोण? अन् गेलो तर...
वांदरांनी वळखू नये म्हणून कादरभाईची ईदची शेरवानी अन् टोपी मागून आणली. आरशासमोर घालून पाह्यली. जरा ढगळ हाय, पण मी मलाच वळखू आलो न्हाई.
अंगणाच्या भिंतीवर कानतुटका येऊन बसलाय. केव्हाचा बघून राह्यला.