पोट मीच बांधलं होतं

मनीषनगर, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२५

चि. नूपुर,

तुला आणि पोटातल्या जिवाला आशीर्वाद. पाचवा लागला ना गं? जेवण जातं का? इकडे रजत आणि तुझी वहिनी रीना बरी आहेत. छकुली दीड महिन्याची झाली. मांडीवरून खाली ठेवली की भोकाड पसरते, अगदी आत्यावर गेली आहे.

पत्र पाहून हसशील. पण कुहीला फोन केला की तुझ्या सासूबाई जवळच बसलेल्या असतात, आणि मला सांगायचं आहे ते चारचौघांतलं नाही.

परवा डॉक्टरीणबाईंनी रीनाला धरमपेठेत मिनल मॅडमकडे पाठवलं. त्या बाळंतिणींकडून व्यायाम करून घेतात. मला वाटलं, नवी फॅडं! छकुलीला घेऊन मीही गेले. मॅडमनी रीनाचं पोट पाहिलं. "इतकं करकचून कोणी बांधून दिलं?" मी ऐटीत म्हटलं, "मी! जुन्या लुगड्याचा पट्टा आहे. लेकीचंही असंच बांधलं होतं."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, वरून आवळलं की सारा दाब खाली जाते. खालचे स्नायू आधीच ढिले झाले राहतात." मग रीनाला विचारलं, खोकताना, शिंकताना लघवी होते का? रीना सरळ "हो" म्हणाली.

तू हेच मला सांगितलं होतंस. चार वर्षं झाली. शाळेत पोरींना खो-खो शिकवताना पळवत नाही, कपडे खराब होतात, म्हणालीस. आणि मी काय बोलले? "होते वं बायकायले असं. कोणाजवळ बोलू नको." दोन महिन्यांत तू नोकरी सोडलीस. मी गावभर सांगत सुटले, लेकराच्या मायेपायी सोडली. खरं कारण मला ठाऊक होतं, नूपुर. तू माझ्याशी तुटक का बोलतेस, तेही ठाऊक आहे.

आणखी एक. रजतच्या बाळंतपणापासून माझं अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, बाहेर येतं. एकतीस वर्षं मी ते हाताने आत सारते आणि कामाला लागते. भजनी मंडळाच्या सहली गुडघ्यांच्या नावावर टाळते. गुडघे माझे ठणठणीत आहेत. हे लिहितानाही दार लावून बसले आहे, इतकी लाज.

तुझं हे बाळंतपण सासरी. सासूबाई मायेनेच बांधतील, पण माझ्यासारखंच आवळून. त्याचा मला घोर लागला आहे. मॅडम म्हणतात, उशीर झालेला नाही, डॉक्टरांना विचारून गरोदरपणातच व्यायाम सुरू करता येतो. सोमवारी सकाळी अकरा वाजता त्यांच्याकडे दोन नावं लावली आहेत, आधी माझं, मग तुझं. तू आली नाहीस तरी मी जाणार आणि काही न लपवता सांगणार. पण ये गं. या वेळी तू बोल, मी मध्ये तोंड घालणार नाही.

तुला गप्प बसवणारी,
तुझी आई