बिनकाठीचे हात

सेनगाव, जि. परभणी
दि. ८ डिसेंबर १९७४

प्रिय गोपीचंद यास नरसिंगचा सप्रेम नमस्कार.

आबा गेल्यावर तुझं सांत्वनाचं पत्र आलं, त्याला पावसाळा सरला तरी उत्तर दिलं नाही, माफ कर. (कारणं लिहून पाहिली आणि खोडली, एकही खरं वाटेना.) तुझी आणि वहिनींची प्रकृती बरी असावी. मायची तब्येत ठीक आहे, फक्त बोलणं कमी झालंय.

तुमच्या स्टुडिओचं सुधारित बियाण्याचं कार्टून काल जवळा बाजारला, बाजार उठल्यावर, प्रचाराच्या गाडीवरच्या पडद्यावर दाखवलं. तू कॅमेरा घेऊन आबांची चाल उतरवायला आला होतास, ते आठवतं ना? त्यांना अंगभर काळे कपडे घातलेस आणि खांद्या-कोपरांना, गुडघ्यांना पांढरी चिकटपट्टी लावलीस. फिल्मवर नुसते सांधे दिसावेत आणि त्यांवरून चितारलेला शेतकरी खऱ्या माणसासारखा चालावा म्हणून. मेंढरं उधळली. कुत्र्यानं ओळख दिली नाही. आणि 'नेहमीसारखं चाला' म्हटल्याबरोबर आबा चालायचंच विसरले, कवायतीतल्या शिपायासारखे पाय आपटू लागले. "आरं, मी कसा चालतो ते मला काहून इचारून राहिला? मेंढरायला इचार!" शेवटी काठी दिली, तेव्हा ती मानेमागे आडवी टाकून, तिच्यावर दोन्ही हात लोंबते सोडून ते निवांत निघाले. (काठीला पट्टी लावायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी बी.ए. आहे.)

त्यामुळे पडद्यावरचा गुटगुटीत, मिशाळ शेतकरी बियाण्याच्या दुकानाकडे निघाला तो दोन्ही हात खांद्यांवर हवेत लोंबकळत ठेवून! आबा दर बाजारी मेंढरं घेऊन जवळा बाजारला जायचे. मेंढरांचा दलाल जळबा ओरडला, "आरं, ह्यो तं आपला आबा! मिशा कवा फुटल्या याला?" सगळा बाजार खदखदला. मीही हसलो. मग विचारात पडलो, की हसलो ते चित्राला की बापाला. घरात त्यांचा एकही फोटो नाही. पडद्यावरचं तोंड, पोट, फेटा सगळं परकं. पण डावा पाय किंचित फेकत जाणारी ती चाल त्यांचीच. शेजारी माय होती. ती हसली नाही, रडलीही नाही. पडदा गुंडाळेपर्यंत बसून राहिली.

तुला दोष देत नाही. रंग छान भरलेत. लेकरांना आशीर्वाद.

तुझा मावसभाऊ,
नरसिंग

ता. क. ठिपक्यांची मूळ फिल्म टाकून दिली नसशील, तर मला एकदा पाहायची आहे. (मायला हे सांगितलेलं नाही.)

पुन्हा ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. परतताना एसटीत माय एवढंच बोलली, "गोप्याला लिव्ह. तिथं काठी चितार म्हणावं. बिनकाठीचे हात वर धरून किती भरून आले असतील त्यायचे." मी समजावलं, की ते चित्र आहे, चित्राचे हात दुखत नाहीत. "तुला लई ठावं!" म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं. तेव्हा बघ, जमलं तर.

(पत्राच्या नकलेखाली, स्वतःसाठी) उद्या : आबांची काठी आढ्यावरून उतरवून, लांबी मोजून गोपीचंदला कळवणे.