पान क्रमांक चौदा

सर, तुमच्या नावाने मी एक खोटी गोष्ट लिहिली, आणि तीही जगातल्या कोणालाही उघडून वाचता येईल अशा ठिकाणी. तुम्ही गेलात त्याला आता सतरा वर्षं झाली. समोर उभं राहून हे सांगायची माझी छाती झाली नसती, म्हणून लिहिते आहे.

हे प्रकरण तुमच्यापर्यंत कधी पोचलं नव्हतं, म्हणून आधी समजावून सांगते. इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे. तो कोणा एका संपादकमंडळाचा नाही. कोणीही वाचावा, कोणीही त्यात भर घालावी, चुकलेलं असेल ते दुरुस्त करावं. त्यात लिहिणाऱ्याला पगार नाही की व्यासपीठावर खुर्ची नाही. एका रविवारी दुपारी मी सहज त्यात आपल्या गावाचं नाव टाकून पाहिलं. चार ओळी निघाल्या. तालुका चांदूर बाजार, जिल्हा अमरावती, लोकसंख्या, मुख्य पिकं. संत्र्याचा उल्लेख होता, तुमचा नव्हता. मला इतका राग आला की चहा गॅसवर ठेवला आहे हेही विसरले. 'संपादन' असं लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं आणि ठोकून दिलं की गावचं वाचनालय तुम्ही एकट्याने, स्वतःच्या हिमतीवर सुरू केलं आणि तुम्हीच त्याचे संस्थापक. 'एकट्याने' हा शब्द लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

दोन दिवसांनी पाहिलं तर माझी ओळ गायब. कोणीतरी ती काढली होती आणि बाजूला कारण लिहिलं होतं, 'संदर्भ हवा'. मी पुन्हा घातली. पुन्हा निघाली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा माझ्या नावाच्या पानावर निरोप आला. नमस्कार, आपलं स्वागत, आपल्या गावाबद्दल लिहिता आहात याचा आनंद आहे, फक्त ही माहिती कुठे छापली गेली आहे तेवढं सांगावं, म्हणजे पुढे कोणी काढणार नाही. खाली त्याची सही. त्याच्या पानावर स्वतःबद्दल एकच ओळ होती की तो डोंगरात, धारणीच्या पुढे एका शाळेत शिक्षक आहे. मी काय उत्तर दिलं ते तुम्हांला सांगायलाच हवं. 'तुम्ही आमच्या गावात कधी पाय तरी ठेवला आहे का? सरांच्या हाताखाली आम्ही शिकलो. आम्हांला पुरावे मागणारे तुम्ही कोण?' एवढं लिहून मी खाली सहीसुद्धा केली नाही. तिथे प्रत्येक बोलण्याखाली सही करायची रीत आहे, हे मला माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी त्या वेळी मी केली नसती. त्याने माझ्या त्या मजकुराखाली माझं नाव स्वतः लिहून ठेवलं आणि शेजारी बारीक अक्षरांत, सही कशी करतात ते.

नवरा म्हणाला, "तू काहून एवढी तणतण करून राह्यली? कोन हाय थो?"

"हाय कोनी मास्तर. सरांचा पुरावा मांगते मले."

"मंग देऊन टाक ना. त्यात काय?"

तिथेच तर घोडं अडलं होतं. माझ्याकडे पुरावा नव्हता. माझ्याकडे तुम्ही होतात. आठवीतल्या त्या संध्याकाळी वाचनालयाच्या बाकावर बसून तुम्ही अमरावतीहून एसटीने आणलेल्या पोत्यातली पुस्तकं एकेक करून पुसत होतात, आणि मी तुमच्या शेजारी बसून पाठीमागे नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. खळीचा वास अजून येतो मला. दारात ती फुलवाली बाई बसलेली असायची, आमच्या चपला ओळीत लावायची आणि पाय न पुसता आत शिरणाऱ्याला हाकलायची. "मास्तर, हे पोट्टं पाहा, गाऱ्याच्या पायानं चाललं आत!" ती तुम्हांला नेहमी मास्तरच म्हणायची. शेवंती, झेंडू, मेथी, पालक, जे निघेल ते बाजारात विकून ती तीनच्या ठोक्याला दारात हजर व्हायची. मी तिला वाचनालयाची चौकीदार समजत होते. तिचं नाव विचारावं असं मला कधी वाटलं नाही.

तर, धारणीच्या मास्तरला गप्प कसं करायचं, याचा मी विचार करू लागले. पहिल्यांदा मी दुसरं खातं काढलं. पुरुषाचं नाव घेतलं, आणि त्या नावाने लिहिलं की मीही याच गावचा, मीही सरांचा विद्यार्थी, वरच्या ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. स्वतःलाच ताई म्हणताना मला हसू आलं होतं सर, आता तोंड लपवावंसं वाटतं. त्याने त्या पुरुषालाही तितक्याच अदबीने उत्तर दिलं. नमस्कार, आपलंही स्वागत, आपल्याकडे काही छापील साधन असेल तर फार मदत होईल. तेव्हा मला ती स्मरणिका आठवली.

आठवते तुम्हांला? मी बारावी होऊन अकोल्याला शिकायला निघाले तो दिवस. तुमच्या घरी पाया पडायला आले होते. काकू चुलीवर वांगी भाजत होत्या, सगळ्या स्वयंपाकघरात धूर, आणि तुम्ही मोरीजवळच्या फडताळातून ती पातळ स्मरणिका काढली. वाचनालयाला दहा वर्षं झाली तेव्हा गावाने छापलेली. पिवळं मुखपृष्ठ, त्यावर उघड्या पुस्तकाचं चित्र. "वाच हे," म्हणालात. "आपल्या गावाचं हाय." काकू म्हणाल्या, "तिले भाकर तरी खाऊ द्या आधी." मी भाकर खाल्ली, भरीत खाल्लं, स्मरणिका घेतली. वाचली नाही. वसतिगृहात लोखंडी पेटीच्या तळाला गंज लागू नये म्हणून ती आणि दोन वर्तमानपत्रं अंथरली. पाच वर्षं पेटी उघडली की ते पिवळं मुखपृष्ठ दिसायचं, एवढाच माझा आणि तिचा संबंध. ती पुढे कुठे गेली ते मला माहीत नाही.

पण तिचं नाव पाठ होतं. मी संदर्भ म्हणून तेच नाव घातलं, छापल्याचं वर्ष घातलं. तिथे पान क्रमांकाचा रकाना असतो. तो रिकामा सोडला तर मास्तर पुन्हा विचारेल असं वाटलं. मी चौदा लिहिलं. का चौदा, मला सांगता येणार नाही. खरा वाटेल असा आकडा होता. आणि सर, हे ऐका. मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने तीन नमुने न तपासताच सामूचे, म्हणजे मातीच्या आंबट-खारेपणाचे, आकडे भरले होते, ते मी पकडलं आणि सगळ्यांसमोर त्याची अशी खरडपट्टी काढली की तो दिवसभर मान वर करेना. शेतकरी या कागदावर विश्वास ठेवून वावरात खत टाकते, थोडी तरी लाज ठेवा, असं मी त्याला म्हणाले. मी. जेवणाच्या सुट्टीत चौदा लिहून आलेली.

मास्तरने लगेच आभार मानले. ओळ राहिली. मी निवांत झाले, आणि त्या ज्ञानकोशात मला गोडीही लागली. आजूबाजूच्या गावांच्या पानांवर नदीचं नाव घाल, बडनेऱ्याहून अंतर दुरुस्त कर, असं करू लागले. तिथल्या रीती त्यानेच मला शिकवल्या. दुसऱ्याचं लिहिलेलं उडवायच्या आधी चर्चेच्या पानावर विचारावं. लिखाणावर बोलावं, लिहिणाऱ्यावर बोलू नये. समोरचा माणूस चांगल्या हेतूनेच लिहितो आहे असं धरून चालावं, निदान उलट दिसेपर्यंत. आणि आपलं बोलणं आपल्यालाच चुकीचं वाटलं तर ते पुसायचं नाही, त्यावर रेघ मारायची. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे, कारण कोणीतरी त्याला उत्तर दिलेलं असतं. हे वाचलं तेव्हा मला तुम्ही आम्हांला ठेवायला लावलेली वही आठवली. वाचलेल्या पुस्तकांची वही, तिच्यात मी न वाचलेल्या पुस्तकावर पानभर लिहिलं होतं. तुम्ही एकच प्रश्न विचारलात, शेवटी त्या बाईचं काय होते? मी खोडरबर घेतलं तर तुम्ही हात धरलात. "पुसू नको. आडवी रेघ मार. खोटं बोलायची एवढी घाई काहून वो तुले?" तुम्ही मारलं असतं तर मी विसरून गेले असते.

मागच्या महिन्यात त्या मास्तरचा निरोप आला की एका गोष्टीसाठी बोलायचं आहे, चालत असेल तर फोन नंबर द्यावा. मी दिला. दुपारी प्रयोगशाळेतच त्याचा फोन आला. आवाज तरुण, मागे पोरांचा कालवा.

"ताई, नमस्कार. इथं रेंज नाई भेटत, टेकडीवर येऊन बोलून राह्यलो. थ्या स्मरणिकेचं सांगाचं होतं."

माझ्या हातात परीक्षानळी होती, ती मी आधी खाली ठेवली.

"मी अमरावतीले गेलो होतो. तिथल्या जुन्या वाचनालयात हाय एक प्रत. दोन चकरा झाल्या. पह्यल्यांदा कपाटाची चाबीच नव्हती त्यायच्याजवळ. काल भेटली."

"तुम्ही त्यासाठी गेले होते? धारणीहून?"

"म्हटलं, ताईनं एवढा मोठा संदर्भ देल्ला, आपुन फोटो तरी काढून ठेवावा. पुढं कोनी शंका नाई घेनार." मग माझीच लाज राखल्यासारखं म्हणाला, "पान चौदावर खताच्या दुकानाची जाहिरात हाय ताई. सरांचा लेख तिसऱ्या पानावर हाय. मले वाटलं, नंबर चुकला असंन तुमचा."

सर, तेव्हा बोलायला जागा होती. समोरचा माणूस एसटीने घाट उतरून दोनदा गेला होता, माझ्या थापेमागे. मी म्हणाले, "हो, चुकला असंन. लय वर्षं झाली ना."

"होते तसं," तो म्हणाला.

मग त्याने फोटो पाठवले. तुमचा लेख मी पहिल्यांदा वाचला, उभ्यानेच, मातीच्या पिशव्यांच्या रांगेत. तुम्ही लिहिलं आहे की लोक वाचनालयाचं श्रेय मला देतात ते खरं नाही. मी पुस्तकं आणायचो, पण ठेवायला जागा कोणी देत नव्हतं. ज्या बाईने आपल्या घराची पुढची खोली पहिली सहा वर्षं दिली, रोज फुलं-भाजीचा बाजार आटोपून ती उघडली, झाडली, पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून दर अमावास्येला कडुनिंबाचा पाला घातला, तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. संस्थापक म्हणून कोणाचं नाव लिहायचं असेल तर तिचं लिहावं, ही माझी गावाला विनंती आहे. आणि खाली तुम्ही तिचं नाव दिलं आहे, तिचं, वडिलांचं आणि नवऱ्याचं, पूर्ण. फुलवालीला नाव होतं हे मला या वयात, तुमच्या अक्षरांतून कळलं. तुम्ही एवढं स्पष्ट लिहून ते माझ्या हातात दिलं होतंत, आणि मी त्याच्यावर कपडे ठेवले. वर तुमच्यावरच्या मायेचा आव आणून 'एकट्याने' लिहून तिला दारातूनसुद्धा हाकललं. मी तुम्हांला मोठं करत होते असं मला वाटत होतं. मी तुमचंच ऐकत नव्हते.

मास्तरने पान दुरुस्त केलं. संस्थापक म्हणून आता तिचं नाव आहे, पुढे तुमचं, सहकारी म्हणून. माझ्या त्या उद्धट ओळींवर मी रेघ मारली आणि खाली त्याची माफी मागितली, सहीसकट. दुसऱ्या खात्याबद्दल आणि चौदाबद्दल मात्र काही लिहिलं नाही. तीनदा मजकूर तयार केला. 'मी ही स्मरणिका पाहिली नव्हती, पान क्रमांक मनाने घातला होता.' एवढी साधी ओळ. प्रत्येक वेळी 'झलक' दाबून तो तिथे कसा दिसेल ते पाहिलं आणि खिडकी बंद केली. हे सगळं खरं तर तिथे लिहायला हवं, तिथे चार ओळींत भागलं असतं. तुम्हांला एवढं लांबलचक लिहिते आहे, कारण तुम्ही वाचणार नाही. हे कागदही मी घडी करून माझ्यापाशीच ठेवणार आहे.

आणि एक राहिलं. त्या ज्ञानकोशात चांगलं काम करणाऱ्याला दुसरे सदस्य एक तारा देतात, त्याच्या नावाच्या पानावर लावतात. मास्तरने मला दिला. खाली लिहिलं आहे, 'एक विसरलेला अस्सल संदर्भ उजेडात आणल्याबद्दल.' तो काढून टाकता येतो, एका मिनिटाचं काम आहे. मी काढला नाही सर. मी तो घरी सगळ्यांना दाखवला.