तिच्या डोळ्याचा पूर्वपक्ष

सोमवार, ३ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकत आला आहे, महिन्याच्या आत काढावा, असे डॉक्टरबाईंचे मत. यंत्र कोणते, ते किती वर्षे वापरात आहे, भिंगाची हमी कोण देतो आणि थांबल्यास नेमके काय बिघडते, असे मी विचारले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बाईंनी मला न देता हिला दिले: डोळ्यातला दाब वाढला तर गेलेली नजर परत येत नाही. प्रमाणाच्या जागी भीती ठेवणे हा तर्कदोष होय, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. त्या म्हणाल्या, आजोबा, डोळा आजींचा आहे ना? म्हणजे व्यक्तिगत हल्ला. दुसरा तर्कदोष.

संकल्प: ‘यंत्र आणि माणूस’ हा निबंध पंधरवड्यात पूर्ण करणे. ऑपरेशनचा निर्णय त्यानंतर.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

या घराचा नियम लग्नापासूनचा आहे. कोणताही निर्णय वादाशिवाय घ्यायचा नाही. आणि खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, अशी मांडायची की त्याने स्वतःहून म्हणावे, हो, हेच माझं म्हणणं. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवताना मी आयुष्यभर हेच सांगितले. विद्यार्थी विसरले. घर विसरलेले नाही.

आज ऑपरेशनच्या बाजूने हिचा पूर्वपक्ष मी मांडला. इतका चोख, की तिला एक शब्दही जोडावा लागला नाही. ती हो म्हणाली. मग मी खंडन केले. तेव्हाही हो म्हणाली. ठराव एकमताने स्थगित.

रविवार, ९ फेब्रुवारी

हिला आता छापील अक्षर दिसत नाही, म्हणून सकाळी वर्तमानपत्र मी वाचून दाखवतो. हा एकच तास असा, की माझे बोलणे कोणी मध्येच तोडत नाही.

रविवारचा विज्ञानाचा स्तंभ लिहिणारे गृहस्थ यंत्रांचे भाट आहेत. भाषा बरी, युक्तिवाद ढिसाळ. वाचता वाचता मी थोडी डागडुजी करतो: भरताड उदाहरणे गाळतो, निष्कर्ष जागेवर आणतो. रोगनिदानात यंत्र लवकरच माणसाच्या पुढे जाईल, असे त्यांनी आज लिहिले होते. दुरुस्तीनंतर ते मागे राहिले. ही म्हणाली, अहो, हल्ली सगळं जग तुमच्याच मताचं झालंय. समाधान वाटले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

निबंधाचे शीर्षक, उपशीर्षक आणि अर्पणपत्रिका तयार. मजकूर बाकी.

हिने चहा कपाच्या शेजारी ओतला. टेबलावरून तो निबंधाच्या कागदांवर आला. अर्पणपत्रिका पुन्हा लिहावी लागेल. कप पांढरा, टेबलाचा पत्रा पांढरा. डोळ्याला दोष देण्याआधी रंगसंगती तपासायला हवी. निळे कप आणावेत.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून तारखेसाठी फोन. विषय विचाराधीन आहे, असे सांगितले.

बुधवार, १९ फेब्रुवारी

माझी रक्तदाबाची गोळी हिने आपली कॅल्शियमची समजून घेतली. तिची स्वतःची रक्तदाबाची आधी घेऊन झालीच होती. दुपारभर घेरी. पाय उंच ठेवून झोपवले, पाणी पाजले, शेजारी बसून राहिलो. दोष सर्वस्वी औषध कंपन्यांचा. साऱ्या आजारांना एकच पांढरी गोळी, आणि याला म्हणे प्रगती. निबंधात स्वतंत्र प्रकरण घालावे.

कन्या धावत आली. तिला नियम पहिल्यापासून जाचतो. म्हणाली, बाबा, तुम्ही चर्चा करता करता आईला आंधळी कराल. मी म्हटले, हे भाकीत झाले, युक्तिवाद नव्हे. ती म्हणाली, मग ऐका, हा युक्तिवाद, आणि दार आपटून गेली.

हिने विचारले, कोण आपटून गेलं, दार की पोरगी? दोघेही हसलो. तिला हसताना पुन्हा घेरी आली.

निळे कप आणायचे राहिले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

एक पायरी उरली असताना जिना संपला असे वाटून हिने सपाट जमिनीवर टाकावे तसे पाऊल टाकले. गुडघा फुटला, मनगट सुजले. हाड शाबूत. यापुढे जिन्यावर हात धरण्याचे काम माझे. माणसाने माणसाचा हात धरला तर यंत्र लागत नाही, हा निबंधाचा गाभाच सापडला.

ती म्हणाली, आणि तुम्ही पडलात तर?

उत्तर उद्या.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

उत्तर नाही. हवा दमट असली की विचार सुचत नाहीत.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी वर्तमानपत्र उघडताच हिने ते मिटायला लावले. म्हणाली, आज मी मांडते. तुमचा पूर्वपक्ष.

आणि मांडला. नवे यंत्र बाजारात आले की माणूस आपली बुद्धी गहाण टाकतो. डॉक्टर घाईत असतात. दहा जणांना गुण आला म्हणून अकराव्याला येईलच, असे सिद्ध होत नाही. हात धरायला माणूस आहे. इथवर माझेच शब्द होते, माझ्याहून नीट लावलेले. मग तिने एक मुद्दा जोडला, जो मी कुठेही मांडलेला नाही: आणि हिला दिसायला लागलं, तर सकाळी मी कोणाला वाचून दाखवू?

हेच का तुमचं म्हणणं, तिने विचारले.

नियमाप्रमाणे उत्तर देणे भाग होते. हो म्हटले. शेवटच्या मुद्द्याबद्दल हरकत राखून.

खंडनाची वाट पाहत बसलो. ती उठली आणि पायाने चपला चाचपू लागली. चपला दाराशी होत्या, ती कपाटाजवळ शोधत होती. मी उचलून आणल्या आणि तिच्या पायांपुढे ठेवल्या. खाली कन्या रिक्षा थांबवून उभी होती. पूर्वनियोजित कट: आज तपासण्या, शनिवारी ऑपरेशन. जिन्यावर हात मी धरला.

शनिवार, १ मार्च

दवाखान्याचे बाकडे. हिला आत नेले आहे. निबंध पूर्ण करावा म्हणून कागद सोबत आणले. पहिले वाक्य तीनदा लिहिले, तीनदा खोडले. आतल्या यंत्राचा आवाज बाहेर येत नाही; यावरून काहीच अनुमान काढता येत नाही. कन्येने पाणी आणून दिले. बाबा, कागद उलटा धरलाय, म्हणाली. इथला उजेड अपुरा आहे.

रविवार, ९ मार्च

पट्टी निघून आठवडा झाला. दुसऱ्या डोळ्याची तारीख हिने परस्पर घेतली. वादाला ठेवली नाही. माझ्या शर्टाची कॉलर विरली आहे आणि दाढी डाव्या गालावर कायम राहते, अशी निरीक्षणे नोंदवली. खंडन केले नाही.

सकाळी वर्तमानपत्र माझ्या हातून घेतले, म्हणाली, बसा, आज मी वाचते. विज्ञानाचा स्तंभ वाचला. यंत्रांची स्तुती अथपासून इतिपर्यंत. मध्येच थांबून विचारले, अहो, हे गृहस्थ तर तुमच्या बाजूचे होते, कधी उलटले? मी म्हटले, माणसे बदलतात. ती म्हणाली, हं, आणि पुढे वाचू लागली. शेवटचे वाक्य असे होते: ‘तथापि, सावकाश विचार करा असे सांगणारी जुनी माणसे घरात असावीत, त्यांच्यामुळे घाई करणाऱ्यालाही आपली बाजू नीट मांडावी लागते.’

गृहस्थांच्या लेखणीतून प्रथमच काही सुसंगत उतरले.

ती आत गेल्यावर अंक उघडला. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. तसे वाक्य त्यात नाही.

छपाईत गळले असावे. संपादकांना कळवायला बसलो, तर पेन सापडेना. टेबल शोधले, खिसे शोधले. ती दारातून म्हणाली, तुमच्या हातात आहे.